धुक्यात सगळेच पुढे

८ जुलै १८५६, मंगळवार. पहाटे दाट धुकं. बैल सगळे जागेवर. लंगडणाऱ्या बैलाच्या खुराला आराम. उजाडताच निघालो. दुपारपर्यंत चाललो, कुठेही पोचलो नाही. दुपारी पुरुषांची सभा. विषय: मी.

युफेमी लाफुर्नेझच्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे, शेवटची एक ओळ सोडून. ज्या दिवशी आपलं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या हाती जायची वेळ आली, त्या दिवसाबद्दल याहून कमी लिहिणं अवघडच. पण तिला तशीच शिकवण होती. सेंट बोनिफेसच्या सिस्टरांनी तिला नवव्या वर्षी शाळेत घेतलं, ते तिच्या खोकल्यामुळे. बाप बायसनच्या शिकारीवर, आई त्याच्यामागून मांस वाळवत फिरणारी. खोकणाऱ्या पोरीला उघड्या माळावर कुठे न्यायची? सिस्टरांनी तिला सुंदर अक्षर दिलं, भरतकाम दिलं, फ्रेंच व्याकरण दिलं आणि रोज रात्री प्रार्थनेनंतर वही लिहायची सवय लावली. "काय घडलं ते वहीत लिहायचं," सिस्टर म्हणत. "काय वाटलं ते फादरना सांगायचं." यातलं काहीही बैलांना उपयोगाचं नव्हतं, आणि युफेमीचं पुढचं आयुष्य तर बैलांच्या शेपटांकडे बघण्यात गेलं.

इझिडोर लाफुर्नेझशी तिचं लग्न झालं तेव्हा त्याच्याकडे सहा गाड्या आणि सहा बैल होते. उन्हाळा आला की आमच्या लाल नदीकाठची अर्धी वस्ती गाड्या जोडून दक्षिणेला, अमेरिकेतल्या सेंट पॉलच्या बाजाराला निघायची. जाताना कातडी, सुकं मांस चरबीत कुटून केलेलं पेमिकन, मणी लावलेल्या चपला. येताना चहा, कापड, बंदुकीची दारू आणि शहरात काय काय पाहिलं त्याच्या थापा. युफेमी दर उन्हाळ्याला नवऱ्याबरोबर जायची. एका गाडीला एक बैल, आणि गाड्या एकामागे एक बांधलेल्या. सहापैकी तीन गाड्या ती हाकायची, तीन इझिडोर हाकायचा, आणि गप्पांत सगळ्या सहा इझिडोरच हाकायचा. तिने कधी हरकत घेतली नाही. माणूस चांगला होता. फक्त १८५६च्या मार्चमध्ये नदीवरचा बर्फ अजून पक्का आहे असं त्याचं मत होतं, आणि नदीचं मत वेगळं पडलं.

दुखवट्याला सगळे आले. थोरला दीर ओनेझिम सर्वांच्या आधी आला आणि सर्वांच्या शेवटी गेला, मधल्या वेळात त्याने गोठ्यात दोन चकरा मारल्या. ओनेझिमचं मन फार मोठं होतं. इतकं मोठं, की त्यात दुसऱ्यांच्या वस्तूही आरामात मावायच्या.

"युफेमी, तू मुळीच काळजी करू नकोस," तो म्हणाला. "बैल मी सांभाळीन. गाड्या मी सांभाळीन. तुला आणि दोन्ही पोरींनाही मीच सांभाळीन."

"मग मी काय सांभाळू, भाऊजी?"

"चूल," ओनेझिम म्हणाला.

ओनेझिमच्या घरी आधीच बायको, विधवा आत्या आणि लग्नाची मुलगी अशा तिघी होत्या. त्या चुलीपाशी आणखी तीन बाया म्हणजे ओनेझिमला पाणी प्यायलासुद्धा उठावं लागलं नसतं. युफेमीच्या मुली तेव्हा आठ आणि सहा वर्षांच्या. भांडी घासायला दोन्ही वयं उत्तम.

जूनमध्ये पेंबिनाला तांडा जमला तेव्हा युफेमी मुलींना आईकडे ठेवून सहा गाड्या जोडून हजर झाली. पुरुष बघतच राहिले. बायका गाड्या हाकतात यात नवल नव्हतं. निम्म्या गाड्या बायकाच हाकायच्या. पण त्या कोणाच्या तरी गाड्या हाकायच्या. स्वतःच्या गाड्या घेऊन बाई उभी, हे चित्र कोणाच्या डोळ्यांत बसेना.

कप्तान निवडायचा होता. ओनेझिमच निवडून आला. त्याचा तंबू मोठा होता, आवाज त्याहून मोठा होता, आणि वाटेत काही बिनसलं तर शिव्या खायला दुसरं कोणी तयार नव्हतं. हे शेवटचं ओनेझिमलाही ठाऊक होतं. म्हणून त्याने पहिल्याच सभेत जुना नियम सर्वांकडून पुन्हा वदवून घेतला: चालत्या तांड्यात जो पुढे, त्याचा शब्द. आणि मुक्कामाला गाड्यांचं कडं झाल्यावर त्या पुढच्याला दिवसाचा जाब कोणी विचारायचा नाही. नियम वाईट नव्हता. तो नसता तर पुढे जायला कोणी धजलंच नसतं.

मग युफेमीचा विषय निघाला. ओनेझिमने अट घातली. येऊ दे तिला, पण सगळ्यांच्या शेवटी. आणि तिच्यामुळे तांड्याचा एकदा जरी अर्धा दिवस बुडाला, तर तिथून पुढे बैल आणि गाड्या कप्तानाच्या ताब्यात, आणि ती सामानाबरोबर. परत गेल्यावर मुलींसकट त्याच्या घरी.

आमच्याकडे असल्या गोष्टींवर हात वर करत नाहीत. चिलीम फिरते. ज्याला मान्य त्याने झुरका घ्यायचा, ज्याला नाही त्याने तशीच पुढे द्यायची, आणि एकानेही तशी दिली की विषय अडला. त्या दिवशी चिलीम सगळ्यांच्या तोंडाला लागून आली. युफेमीकडे ती आलीच नाही, कारण बायकांना चिलीम ओढून खोकला होतो.

शेवटी चालणं म्हणजे काय ते ज्याने खाल्लंय त्यालाच कळतं. खाल्लंय असंच म्हणायला हवं, कारण चाळीसेक गाड्यांची धूळ शेवटच्याच्या पोटात जाते. युफेमीने तोंडावर फडकं बांधलं आणि एक शब्द काढला नाही. रोज पहाटे ती सर्वांच्या आधी बैल जोडायची आणि रोज सर्वांच्या नंतर निघायची. तीन आठवडे तिच्यामुळे कोणाचा घटकाभरही वेळ गेला नाही. ओनेझिमला त्याचं फार कौतुक वाटलं असणार. तो रोज संध्याकाळी मागे येऊन विचारायचा, "काही मोडलं का? एखादं चाक? निदान आरा?"

"नाही, भाऊजी."

"बरं, बरं," तो म्हणायचा आणि खांदे पाडून परत जायचा.

आता आमच्या गाड्यांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. गाडीत लोखंडाचा खिळाही नसतो. सगळं लाकूड आणि कच्च्या चामड्याच्या वाद्या. लाकडाच्या आसावर लाकडाचं चाक, आणि वंगण नाही. त्यामुळे चाक फिरतं तेव्हा कोणीतरी हजार डुकरं एकदम कापतंय असं वाटतं. सेंट पॉलची माणसं खिडक्या लावून घेतात. वंगण घालत नाहीत त्याला कारण आहे. चरबीला माळावरची वाळू चिकटते आणि मग आस कानशीने घासल्यासारखा झिजतो. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिवाय प्रत्येकाची गाडी आपल्या सुरात रडते, आणि त्या रडण्यावरून कोण कुठे आहे ते न बघता कळतं. धुळीत, पावसात, धुक्यात सगळे कानाने चालतात. दुसऱ्या नंबरवर पास्काल आझ्यूर म्हणून म्हातारा होता, त्याला तर हातभर अंतरापलीकडे दिसतच नव्हतं. तीस वर्षं तो दुसऱ्या नंबरवर बिनचूक गाड्या नेत होता, पुढच्याचं रडणं ऐकत.

त्या वर्षी कप्तानाच्या गाडीत मादाम बेर्तले होत्या. चर्चमधलं गाणं त्या बसवायच्या. गावाने नवी बाजाची पेटी घ्यायची ठरवली, आणि सूर पारखायला आपल्याइतका कान लाल नदीच्या दोन्ही काठांवर कोणाला नाही असं मादामनी स्वतःच जाहीर केल्यामुळे त्यांनाच पाठवलं होतं. त्यांच्या मुलाशी ओनेझिमच्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. जमत आलं होतं म्हणजे ओनेझिमच्या बाजूने जमलं होतं, मादामच्या बाजूने यायचं होतं. आणि मादामचं डोकं दुखत होतं. तीन आठवडे सलग.

"हा काय आवाज म्हणायचा, ओनेझिम?" त्या सोमवारी दुपारी म्हणाल्या. "माझ्या कानांनी काय पाप केलंय?"

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर ओनेझिमने त्याला चालत पाठवलं असतं. पण होऊ घातलेल्या विहीणबाई! माणूस काय काय करतो त्यांच्यासाठी. त्याने दुपारच्या विसाव्याला अस्वलाच्या चरबीचा डबा काढला आणि आपल्या चारही गाड्यांच्या आसांना हाताने वंगण चोपडलं. पास्काल ते बघत, म्हणजे वासाने ओळखत, शेजारी उभा होता.

"ओनेझिम, हे काय करतोयस बाबा?"

"एका दिवसाने काय होतंय, काका!"

दुपारभर वाट वाळूच्या टेकाडावरून होती. कप्तानाच्या गाड्या मांजरीसारख्या चालल्या. मादाम हसल्या. ओनेझिम तर इतका खूश झाला की लग्नाचे पदार्थ ठरवत बसला. वाळूही आपलं काम शांतपणे करत होती.

मंगळवारी पहाटे धुकं. स्वतःच्या बैलाची शिंगंसुद्धा दिसेनात. थांबायला हवं होतं, पण ओनेझिमने मादामना संध्याकाळपर्यंत झाडीतल्या मुक्कामाचं वचन दिलेलं. रात्रभर गाड्या नेहमीसारख्या कडं करून उभ्या होत्या, चाकाला चाक लावून. कप्तानाने हाळी दिली, कड्याच्या फटीतून आपल्या चार गाड्या बाहेर काढल्या आणि निघाला. आवाज न करता.

पास्कालने कान टवकारले. पुढे काहीच नाही. मग जरा डावीकडून एक गाडी रडली. म्हाताऱ्याने बैलाला टिचकी मारली आणि त्या रडण्यामागे निघाला. त्याच्यामागे तिसरा, त्याच्यामागे चौथा. आता डावीकडून रडत होती ती युफेमीची शेवटची गाडी. हाळी ऐकून तिचे बैल जरा पुढे सरकले होते, मग पुढचे हलले तशी ती कड्यातली आपली जागा सोडून त्यांच्यामागे लागली. म्हणजे झालं काय, की गाड्यांचं कडं सुटलंच नाही. ते नुसतं फिरायला लागलं.

आणि फिरत राहिलं. सगळे खूश होते. धुकं असूनही तांडा कसा झकास चाललाय असं जो तो मनात म्हणत होता. वाट सपाट होती. वाट सपाट असणारच. ती त्यांनीच सकाळपासून तुडवून केली होती. युफेमीच्या पुढे तुसां नावाचा एक बडबड्या माणूस होता, तो मध्येमध्ये ओरडून सांगत होता, "आजच्याइतकी चाल मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही!"

युफेमीला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं ते मानेवर. ऊन ऊन श्वास. ती सर्वांत शेवटी होती. तिच्या मागे फक्त मोकळा माळ आणि धूळ असायला हवी. तिला वाटलं, आमच्याशी वैर असलेले सू टोळीवाले आले. तिने कुऱ्हाड उचलली, देवाचं नाव घेतलं आणि गर्रकन वळली. धुक्यातून एक ओलं काळं नाक पुढे आलं, मग पांढरं कपाळ. पास्कालचा बैल, बिशप.

"पास्कालकाका?"

"कोण? युफेमी?" धुक्यातून आवाज आला. "तू इथे काय करतेस?"

"मी माझ्या जागी आहे. तुम्ही माझ्या मागे कसे?"

"मी तुझ्या मागे? पोरी, मी दुसरा आहे! तू माझ्या पुढे कशी?"

हा प्रश्न दोघांनाही सुटेना. तेवढ्यात पुढे तुसां किंचाळला. "थांबा! थांबा सगळे! कोणीतरी आपल्या आधी इथे उतरलंय! चुलीची राख आहे, आणि राख अजून गरम आहे!"

तांडा थांबला. बंदुका निघाल्या. एकाने पालथं पडून जमिनीला कान लावला आणि सांगितलं, पुष्कळ माणसं आहेत आणि जवळच आहेत. दुसऱ्याने चाकोऱ्या पाहिल्या आणि सांगितलं, त्यांच्याकडेही आपल्यासारख्याच गाड्या आहेत, पण खूप जास्त. युफेमी राखेपाशी गेली. शेजारच्या झुडपावर तिचं भांडी पुसायचं फडकं वाळत होतं. सकाळी ती ते विसरली होती.

"चूल माझी आहे," ती म्हणाली.

मग बंदुका हळूच गाड्यांत परत गेल्या, आणि जमिनीला कान लावणारा इसम कपडे झटकत म्हणाला, तो तेच म्हणत होता.

धुकं दुपारी विरलं तेव्हा कप्तान दिसला. बंदुकीच्या गोळीच्या टप्प्यात, एका उंचवट्यावर. त्याच्या दोन गाड्यांचे आस कड्यातून बाहेर पडल्याबरोबर मोडले होते, तिसऱ्याचा झिजून बोटाएवढा झाला होता. मादाम बेर्तले पेटाऱ्यावर बसल्या होत्या, पाठ फिरवून.

"तू हाक का नाही मारलीस?" पास्कालने विचारलं.

"हाक कशाला मारू? तुमचा आवाज येत होता ना!" ओनेझिम म्हणाला. "मला वाटलं, आले. मग आवाज दूर गेला. मग परत आला. मग परत गेला. म्हटलं, येतायत, घाई काय."

असा अर्धा दिवस गेला. आणि अर्धा दिवस म्हटल्यावर ओनेझिमला अट आठवली. मोडलेल्या आसांकडे बघून पडलेला त्याचा चेहरा अट आठवल्याबरोबर उजळला.

पुरुष गोल करून बसले. युफेमीला चहा द्यायला बोलावलं होतं. विषय तीच असल्यामुळे ती जवळपास असलेली बरी. किटली घेऊन ती एकेकापुढे वाकत होती. तिच्या डोळ्यांसमोर ओनेझिमची चूल होती, आणि चुलीपुढे बाह्या वर केलेल्या दोन लहान मुली.

"कोणाचं वाईट करायचं माझ्या मनात नाही," ओनेझिमने सुरुवात केली. त्याच्या मनात जे असायचं ते तो नेहमी असंच सुरू करायचा. "पण अट ती अट. हिच्यामुळे अर्धा दिवस बुडाला."

"हिच्यामुळे कसा?" पास्काल म्हणाला.

"हिच्या गाड्यांच्या रडण्यामागे तुम्ही गेलात."

"मग काय तुझ्या गाड्यांच्या मुकेपणामागे जायचं होतं? आंधळ्याला तू मुका वाटाड्या दिलास, आणि वर त्यालाच विचारतोस का पडलास!"

"मी पुढे होतो," ओनेझिम म्हणाला. "जो पुढे त्याला जाब नाही. नियम आहे. सगळ्यांनी म्हटलाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. म्हटला होता खरा.

युफेमी त्याच्या कपात चहा ओतत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, पुढे म्हणजे कोणाच्या पुढे?"

"हे काय विचारणं? तांड्याच्या."

"तांडा पास्कालकाकांच्या मागे होता. पास्कालकाका माझ्या मागे होते. तुमच्या मागे कोण होतं?"

मागे कोणी नसताना माणूस पुढे असतो का, हा प्रश्न ओनेझिमच्या आयुष्यात आधी आला नव्हता.

"बरोबर आहे!" पास्कालने गुडघ्यावर थाप मारली. "सकाळभर मी हिच्याच मागे होतो. म्हणजे पुढे ही. पुढच्याला जाब नाही. मिटलं!"

"थांबा, थांबा," तुसां म्हणाला. "ही पुढे कशी? ही माझ्या मागे होती. पुढे मी होतो."

"तू तर माझ्या मागे होतास," त्याच्या शेजारचा म्हणाला.

"मग तूही पुढे होतास. मी कुठे नाही म्हणतोय?"

बघता बघता सगळ्यांच्या लक्षात आलं. ज्यांनी जन्मात कधी तांड्याचं तोंड पाहिलं नव्हतं, सदा मधल्या धुळीत चालले, ते सुद्धा त्या सकाळी पुढे होते. माणसं ताठ बसली. एकाने मिशा पुसल्या. आणि पुढच्याला जाब नसल्यामुळे कोणालाच जाब नव्हता, झालेल्या प्रकारात कोणाचीही चूक नव्हती. आमच्याकडच्या सभांत असा गोड निर्णय फार वेळा हाती लागत नाही. पास्कालने लगेच चिलीम पेटवली, कोणाचं मन बदलायच्या आत.

चिलीम फिरली. प्रत्येकाने मनापासून झुरका घेतला. फिरत फिरत ती ओनेझिमकडे आली आणि तिथे थांबली.

त्याने ती ओठांना लावली नाही, पुढेही दिली नाही. दोन बोटांत धरून तो तिच्याकडे बघत राहिला. तशीच पुढे दिली की विषय अडतो, आणि विषय अडला की सुटेपर्यंत वादातल्या वस्तू कप्तानाच्या ताब्यात राहतात. हे त्याला ठाऊक होतं आणि युफेमीलाही ठाऊक होतं. तो सेंट पॉलपर्यंत अडवून धरणार, तिथून परत येईपर्यंत धरणार, आणि तोवर तिच्या बैलांना त्याच्या गोठ्याची सवय झालेली असणार. तिने किटली खाली ठेवली.

ओनेझिमचा हात चिलमीसकट शेजाऱ्याकडे वळला.

"ओनेझिम," पेटाऱ्यावरून आवाज आला.

मादाम बेर्तले सभेला बोलावलेल्या नव्हत्या. त्या अशा ठिकाणी बोलावण्याची वाट बघत नसत.

"काल तुम्ही माझ्यासाठी गाड्या गप्प केल्यात, त्याबद्दल आभार. त्याआधी तीन आठवडे त्या रडण्यामुळे मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. काल दुपारपासून मला तुमचं बोलणं ऐकू यायला लागलं. सगळं." त्यांनी कपाळावरची ओली पट्टी उलटी केली. "मला ते रडणं परत हवंय. मी आता या पोरीच्या गाडीत बसणार आहे, शेवटच्या. ती गाडी तिची असेल तर प्रश्न नाही. पण तुम्ही म्हणता तसं ती तुमची झाली, तर मी पुन्हा तुमच्याच गाडीत बसल्यासारखं होईल, आणि तुम्ही पुन्हा शेजारी येऊन लग्नाचं बोलाल. मग मला त्या लग्नाबद्दलच विचार करावा लागेल. ओढा ती चिलीम. मला पेटी आणायला जायचंय."

ओनेझिमने चिलीम ओढली. जरा जास्तच जोरात ओढली आणि बायकांसारखा खोकत बसला.

खोकला थांबल्यावर त्याने जाहीर केलं, की घरातली माणसं म्हटल्यावर मन मोठं ठेवावं लागतं, आणि तो आपल्या भावाच्या विधवेला तिच्या सहा गाड्या आणि सहा बैल देत आहे. लोकांनी त्याची वाहवा केली. हे दान तो पुढे मरेपर्यंत लोकांना सांगत होता, आणि ऐकणारे त्याच्या दानतीने गहिवरत.

मग आस बदलायची घाई. प्रत्येकाने आपल्याकडचा जादा आस आणला, आणि वंगणाचा विषय कोणी काढला नाही, कारण कप्तान म्हणजे शेवटी कप्तान. तांडा ऊन उतरता उतरता निघाला आणि तीन चिलमी ओढून होतील जेमतेम एवढी वाट चालून थांबला. युफेमी शेवटीच होती. तिच्या जागेबद्दल सभेत काही ठरलं नव्हतं आणि तिला ते विचारायचं धाडस झालं नाही. फरक एवढाच पडला, की धूळ खाताना तिच्या गाडीत आता मादाम बेर्तले बसल्या होत्या, आणि आसाच्या आवाजावर मात करत भजनं म्हणत होत्या.

"तुझा सूर वर चढतो ग," त्या म्हणायच्या.

"मी गात नाहीये, मादाम. ते चाक आहे."

"मग चाकाला सांग."

त्या वाटेवर युफेमीने पुढे पुष्कळ उन्हाळे काढले. मुली मोठ्या झाल्या, सिस्टरांकडे शिकल्या, त्यांनी ओनेझिमच्या घरी भांडी घासली ती फक्त लग्नकार्यात, पाहुण्या म्हणून. मग नदीवर आगबोट आली, तिच्यामागून रेल्वे आली, आणि गाड्यांच्या चाकोऱ्यांवर लोकांनी गहू पेरला. आता त्या वाटेचा इतिहास सांगायला शहरातून माणसं येतात. सेंट पॉलच्या व्यापाऱ्यांची नावं त्यांना पाठ असतात, कप्तानांची नावं ते विचारून घेतात. चालणं कोणी केलं असं विचारलं तर ते बैलांबद्दल फार आदराने बोलतात.

त्या संध्याकाळी कडं झाल्यावर युफेमीने सहाही बैल स्वतः सोडले, प्रत्येकाच्या मानेवरून हात फिरवला, वही काढली आणि दिवसाच्या नोंदीखाली शेवटची ओळ लिहिली: धुक्याने मिठाचा खडा झाला. फोडून चुलीजवळ वाळत ठेवलं.